कोपऱ्यातल्या सावलीला नमस्कार

आमच्या गल्लीत कचऱ्याची वर्गवारी माझ्याइतकी चोख कोणी करत नाही! बावीस वर्षांत एक चूक नाही. जळणारा कचरा फिक्या पिवळ्या पिशवीत, मंगळवारी आणि शुक्रवारी. प्लास्टिक पांढऱ्या पिशवीत, बुधवारी. चुकलं की गाडीवाले पिशवी उचलत नाहीत, तिच्यावर लाल चिठ्ठी डकवतात, आणि मग ती वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी दिवसभर कोपऱ्यावर उभी राहते. पिशव्यांवर काय छापलंय ते मी जन्मात वाचलेलं नाही. रंग दिसतो की!

म्हणून यंदाच्या वसंतापासून कोपऱ्यावर लाल चिठ्ठ्या दिसायला लागल्या, तेव्हा सगळ्यात आधी मी कडाडले. संशयही आधी मीच घेतला. समोरच्या घरातले इसोगाइसान! वय एक्याऐंशी, बायको जाऊन चार वर्षं झालेली. चिठ्ठी लागलेली पिशवी छातीशी धरून घरात पळवताना मी त्यांना दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

स्वतःच्या डोळ्यांनी! आता त्या डोळ्यांचंच सांगते.

मोतीबिंदू दोन्हीकडे. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्यात नवं भिंग बसवलं, डाव्याचा नंबर पुढच्या महिन्यात. पट्टी निघाली आणि जग कसं घासूनपुसून ठेवल्यासारखं झालं. फक्त उजव्या कोपऱ्यात कोणीतरी उभं होतं. काळ्या सुटातलं, फार अदबशीर. मी वळले की तेही सरकायचं.

"अहो, माझ्या उजवीकडे कोण आहे?"

"फ्रिज," आमचे हे पेपरातून मान न काढता म्हणाले.

मिकामी डॉक्टरीणबाईंनी डोळा नीट तपासला. "चंद्रकोरीसारखी सावली ना? पडदा उत्तम आहे, घाबरू नका. नव्या भिंगाच्या कडेला प्रकाशाचा खेळ होतो, बऱ्याच जणांना दिसतो. हळूहळू मेंदूच तिच्याकडे लक्ष द्यायचं सोडतो. तोवर जाड काड्यांचा चष्मा वापरा, बाजूचा उजेड अडतो."

"मेंदूला किती दिवस लागतात?"

"ते मेंदूवर आहे."

आमचे हे उगाचच खोकले.

पण घाबरतंय कोण! मला तर भलतंच कुतूहल. मी नोंदवहीच सुरू केली. खिडकीजवळ: आहे. न्हाणीघरात: नाही. मुळा किसताना: आहे, आणि मुळ्याकडे बघतोय. कानशिलाशी हात आडवा धरला की: गायब! हात काढला की: हजर! दिवसभर हात लावून-काढून बघत होते. शेवटी हे म्हणाले, "अगं, खिडकीतून कोणाला सलाम ठोकतेस? पोस्टमन दोनदा थांबला."

चष्मा मी आणला. पण तो घातला की मी निवृत्त पोलीस अधिकारी दिसायचे, म्हणून तो फ्रिजवरच राहायचा.

त्या रविवारी सकाळी गल्लीच्या मंडळाची सभा होती. विषय, लाल चिठ्ठ्या. प्रमुख तोगावासान गंभीर होते. "गेले तीन आठवडे सुदैवाने एकही चिठ्ठी नाही. पण आधीच्या चिठ्ठ्यांचा खुलासा नगरपालिकेला द्यायचाय. तो दिला नाही, तर आपली कचऱ्याची जागा पार खाली, चढाच्या पायथ्याशी हलवणार." सगळ्यांच्या नजरा हळूच इसोगाइसानांकडे गेल्या. ते गुडघ्यांवर हात ठेवून चटईकडे बघत होते. त्यांच्या मुलाने बजावून ठेवलं होतं, 'बाबा, साधा कचरा जमत नसेल तर घर बंद करायचं आणि हिरोशिमाला आमच्याकडे यायचं.' ही बातमीही गल्लीभर मीच केली होती म्हणा.

"ज्यांच्याकडून चूक झाली असेल," तोगावासान म्हणाले, "त्यांनी स्वतः पुढे यावं, ही विनंती."

माझ्या उजवीकडे मोठी खिडकी, झगझगीत ऊन. आणि त्या कोपऱ्यात काळ्या सुटातलं कोणीतरी अदबीने वाकलं!

मला वाटलं, नगरपालिकेचे साहेब आले. आता समोरचा वाकला आणि आपण नाही वाकलो, असं कधी होतं का? मनाला कळायच्या आत कंबर खाली जाते. मी दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"आऽऽऽ!" अख्खी सभा.

मी डोकं वर काढलं. उजवीकडे खिडकीशेजारी नुसती भिंत होती, आणि भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं.

"फुसाएसान, तुम्ही?" तोगावासान अर्धे उठलेच.

"छे छे! मी त्या... त्यांना नमस्कार केला."

"कोणाला?"

"म्हणजे डोळ्यात एक सावली आहे. ती वाकते."

मागून कोणीतरी नाक ओढलं. "म्हाताऱ्या माणसाला वाचवायला काय काय रचतेय बिचारी!"

"अहो, खरंच मी नाही!"

"पाहिलंत?" तोगावासान सद्गदित. "अजून म्हणताहेत, मी नाही!"

मी नाही म्हटलं की मी आणखी थोर! दहा मिनिटांत खुलाशावर माझं नाव चढलं आणि टाळ्याही पडल्या.

घरी येऊन धुमसतेय, तोच दारात इसोगाइसान. हातात पर्सिमनच्या फळांची पिशवी. "फुसाएसान, आज तुम्ही आपणहून पुढे आलात. मोठं मन लागतं त्याला. मी तर कधीच कोणाला सांगणार नव्हतो."

सांगणार नव्हतो? काय सांगणार नव्हतो? चोर तो चोर, वर मलाच क्षमा करतोय! दार लोटून मी तरातरा स्वयंपाकघरात गेले, दोन्ही पिशव्या काढल्या आणि ह्यांच्यासमोर टेबलावर आपटल्या. "बघा! ही पिवळी, ही पांढरी! ह्यात माणूस चुकेलच कसा?"

"मला काय विचारतेस? डोळ्याचं ऑपरेशन होऊन तुला वाकायची बंदी झाली तेव्हापासून पिशव्या मीच टाकतोय. तीन आठवडे."

तीन आठवडे. हा आकडा आज कुठेतरी ऐकला होता.

मी डावा डोळा मिटला. एक पिवळी, एक पांढरी. उजवा मिटला. पिवळी... आणि पिवळी. पुन्हा डावा. पुन्हा उजवा.

"डोळे कोणाला मारतेस?" हे म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले. डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूने पर्सिमन, भात, ह्यांचा बनियन, सगळ्यावर हळदीचा हात फिरवला होता. वसंतापासून उजव्यानेही तेच केलं असणार! बावीस वर्षांची माझी कीर्ती टेबलावर दोन पिशव्या होऊन पडली होती.

तशीच सपाता घालून समोर गेले आणि सगळं सांगून टाकलं. इसोगाइसान हसले. "माझ्या बायकोलाही असंच व्हायचं. कोणी चूक दाखवली की दिवसभर जेवायची नाही. म्हणून तुमच्या पिशव्या मी आणून निवडायचो आणि पुन्हा ठेवायचो."

"आणि मी तुमच्यावर आळ घेत होते!"

"ऐकलं होतं. तुमचा आवाज पोहोचतो."

"अहो, पण हिरोशिमा?"

"सामान बांधायची वेळ आली असती तर बोललो असतो," ते म्हणाले. मग चहा करायला उठत, "बहुतेक."

मी त्यांच्या मुलाला तिथूनच फोन लावला. चूक माझी, वडील तुमचे लख्ख आहेत, अख्खी गल्ली त्यांच्या हवाली करा, असं सगळं एका श्वासात सांगितलं. मुलगा म्हणाला, "बरं. राहू देत मग त्यांना तिथेच."

फोन ठेवला. आता नमस्कार. या वेळी खरा! मी गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ टेकलं. "मला क्षमा करा." डोळ्यांतून पाणी. आणखी खाली जायला जागा नव्हती, तरी गेले.

डावीकडे चहाचा पेला ठेवल्याचा आवाज आला.

"फुसाएसान, मी इकडे आहे. तिकडे छत्र्या असतात."

चष्मा? तो फ्रिजवर होता.