लाल भोपळा

मी तिसरीपर्यंतच शिकले, पण माझ्या हातचं कधी फसलं नाही! आमची सून मोबाईलमध्ये बघून भोपळ्याचे मसाला डोनट करते, लिंबाएवढे गोल गोल, आणि तोरा असा, जणू चंद्र तिनेच भाजलाय! म्हटलं, "आज मी करते. पाचला शेजाऱ्यांनाही बोलावते. बघच तू!"

"आई, तुम्हाला ओव्हन लावता येतो?"

"तुझ्या नवऱ्याला वळण लावलं मी, ओव्हन काय चीज आहे!"

मैदा, लोणी, दालचिनी, जायफळ, सगळं ओट्यावर मांडलं. नव्हता तो फक्त भोपळा. नातीला सकाळीच बजावलं होतं, "शाळेजवळच्या भाजीवालीकडून लाल भोपळा आण. विसरलीस तर घरात घेणार नाही!"

दोन वाजता शाळेतून तिचा फोन. इकडे मिक्सर घुरघुरतोय, तिकडे पोरीचा आवाज मुंगीएवढा.

"आजी... भोपळा मिळाला."

"शाब्बास माझी वाघीण! लाल आहे ना?"

"हो... लाल पेनाने."

'पेनाने' तेवढं मिक्सरने गिळलं.

"मोठा आहे?"

"खूप मोठा काढलाय बाईंनी."

बाईंनी स्वतः काढून दिला! काय गुणाची ती भाजीवाली!

"आजी, आईला सांगू नकोस ना गं."

"आईलाच काय, अख्ख्या बिल्डिंगला सांगते!"

तिकडून हुंदक्यासारखं काहीतरी आलं. मला वाटलं, पोरगी हरखली.

मी तशीच गॅलरीत. "ऐकलंत का? आमच्या नातीला भोपळा मिळाला! पाचला खायला या सगळे!"

वरचे रिटायर्ड मास्तर चहा पीत होते. कप ओठाशीच थांबला. समोरच्या शिवणवाल्या वहिनी म्हणाल्या, "भोपळा मिळाला म्हणून पार्टी?"

"मग! रोज रोज मिळतो का?"

चारला नात आली. डोळे लाल, हात रिकामे.

"भोपळा कुठाय गं?"

तिने दप्तरातून कागद काढला. शुद्धलेखन. दहापैकी शून्य! लाल, गोल, गरगरीत.

"आई म्हणालीय, पुन्हा भोपळा आणलास तर चित्रकलेचा क्लास बंद," म्हणाली आणि माझ्या पदरात तोंड खुपसून रडली.

आता काय करता! मी कागद दप्तरात कोंबला आणि बिनभोपळ्याचं पीठ ओव्हनमध्ये ढकललं.

पाचला सगळे हजर. मास्तर पेन्सिली घेऊन. वहिनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत, "होतं गं असं." ऑफिसातून सून आली ती जिन्यातच सगळं ऐकून, तोंड ओव्हनपेक्षा तापलेलं!

"आई, भोपळा कुणाला मिळाला?"

मी एक डोनट तिच्या तोंडात कोंबला आणि ताटली सगळ्यांपुढे केली. मास्तरांनी एक तोंडात टाकला. "मसाला छान उतरलाय. पण भोपळा लागत नाही. कुठाय तो?"

"दप्तरात!" माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळ्यांच्या माना दप्तराकडे वळल्या. मग सून अशी फुटली हसत, की तिच्या तोंडातला डोनट मास्तरांच्या चष्म्यावर!

तेवढ्यात मी साधून घेतलं. "क्लास बंद केलास, तर तुझा ओव्हनही बंद!"

"नाही हो करत आई! पण शुद्धलेखनाचं काय?"

"मी शिकवतो, रोज चारला," चष्मा पुसत मास्तर म्हणाले.

"आजी बसली तरच मी बसेन," नात म्हणाली. एवढी बेरकी कुणावर गेलीय कोण जाणे!

बसते बाई. काल माझीही परीक्षा झाली. मास्तरांनी हातचं काही राखलं नाही. मिळाला मलाही. लालच!