मगदूम आण्णांनी न घेतलेलं नाव

मगदूम आण्णांनी ज्याचं नाव घेतलं तो पडला, हे कसबा बावड्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. निवडणूक असो, सोयरीक असो, नाहीतर दूध डेअरीच्या चेअरमनची खुर्ची असो, आण्णा सगळ्यांच्या आधी निकाल सांगून मोकळे होतात आणि निकाल बरोबर उलटा लागतो. एखाद्या वेळी चुकून तरी बरोबर यावा की नाही? पण येत नाही.

सांगण्यात मात्र तसूभर शंका नसते. दोन्ही हात मागे बांधायचे, मान जराशी वर करायची आणि म्हणायचं, "झालंच म्हणून समजा." हे वाक्य कानावर पडलं की ज्याचं नाव निघालं असेल त्याच्या घरचे लोक हवालदिल होतात.

आण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्या तोलण्यात सगळी नोकरी गेली आणि तिथे त्यांची चूक कधी कुणी काढली नाही. मी एकदा त्यांना विचारलं, की उसाचं एवढं बरोबर येत होतं, मग माणसांचंच असं का होतं? आण्णा शांतपणे म्हणाले, "ऊस काट्यावर आला की गप बसतोय, मॅडम. माणूस हालतोय."

मी त्यांची शेजारीण. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि आमचं सगळं बोलणं त्या भिंतीवरून चालतं. मी जवळच्याच एका कॉलेजात भूगोल शिकवते, म्हणून मी मॅडम. भूगोलवाली असूनही पावसाचं मला कुणी विचारत नाही. गल्लीतल्या बायका आण्णांना विचारतात. "आण्णा, पापड घालू काय वाळत?" आण्णा आभाळाकडे बघून म्हणतात, "घाला की. कडक ऊन पडणार. झालंच म्हणून समजा." बायका मान डोलावतात आणि पापडाची पिठं झाकून ठेवतात.

मागच्या निवडणुकीत आमच्या भागातला एक उमेदवार सकाळी सकाळी हात जोडून त्यांच्या दारात उभा होता. मला वाटलं मत मागायला आलाय. तो म्हणाला, "आण्णा, मत कुणालाबी द्या. तेवढं माझं नाव घेऊ नका." आण्णांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "अरे, तुझं तर झालंच." तो माणूस कपातला चहा तसाच ठेवून गेला, आणि पडलाही. आण्णांना त्याचं काही वाटलं नाही. "मी बरोबरच सांगितलतं," ते म्हणाले. "मतं देणारी चुकली."

अशा या आण्णांच्या तावडीत गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ सापडला.

झालं असं, की मुलींना बरीच वर्षं शिकवणारे सूर्यवंशी सर निवृत्त झाले आणि मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली. ग्राऊंड आमच्या घरांच्या मागेच आहे. आण्णा रोज संध्याकाळी छत्री घेऊन तिथे जात, कट्ट्यावर बसत आणि मुलींचा सराव संपेपर्यंत हलत नसत. खेळातलं त्यांना फारसं कळत नाही. चेंडू नेटला लागला की "आरारा" म्हणायचं आणि पलीकडे पडला की "आत्ता गं", एवढंच. पण नवा कोच कोण होणार या विषयावर त्यांना गप्प बसवणं शक्यच नव्हतं.

तीन नावं चर्चेत होती. एक गडहिंग्लजचे सर. दुसरा प्रतीक, आमच्या संस्थेच्या एका संचालकांचा भाचा. तिसरी अर्चना.

अर्चना याच कॉलेजची जुनी खेळाडू. सूर्यवंशी सरांच्या हाताखाली ती कितीतरी वर्षं तासांच्या पगारावर काम करत होती. सरांचे गुडघे दुखायला लागल्यापासून तर सगळा सराव तीच घ्यायची. कॉलेजात शिकत असताना ती आण्णांच्याच घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायची. आण्णांना मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू सरावाहून आलेल्या या पोरीला समोर बसवून भाकरी खायला घालायच्या, आणि नको म्हणाली की अजून एक वाढायच्या. पुढे अर्चनाचं लग्न उचगावात झालं, पण तिचं येणं-जाणं सुटलं नाही. काकू गेल्या तेव्हा सगळं उरकून सर्वांत शेवटी घरी गेली ती अर्चनाच.

म्हणजे आण्णा कुणाचं नाव घेणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. चहाच्या टपरीवर मंडळी अर्चनासाठी हळहळायलाही लागली होती.

आण्णांनी नाव घेतलं गडहिंग्लजच्या सरांचं. "सहा फूट माणूस हाय. नेटवरनं पलीकडचं गाव दिसतंय त्याला. झालंच म्हणून समजा." पुढच्या आठवड्यात त्या सरांना पुण्याकडे नोकरी लागली आणि त्यांनी अर्ज मागे घेतला.

मग आण्णांनी प्रतीकला धरलं. "मामा संचालक हाय. पोरगं अंगानं सरळ हाय. आणि काय पायजे?" हे रोज, टपरीवर, ग्राऊंडवर, दळणाच्या गिरणीत. शेवटी प्रतीक स्वतः टपरीवर आला. मीही तिथे होते. त्याने गाडी लावली आणि आण्णांच्या शेजारी बसला.

"आण्णा, माझी आई दोन दिस झालं जेवली न्हाय. तुम्ही माझं नाव घेताय म्हणून."

"चांगलंच बोलतोय की तुला."

"तेच तर. दुसऱ्या कुणाचं तरी घ्या की."

"दुसरं कोण हाय आता?"

"अर्चनाताई हाय की. तिचं घ्या."

आण्णांनी चहाचा कप खाली ठेवला, छत्री उचलली आणि ते घराकडे चालू लागले. प्रतीक माझ्याकडे बघत राहिला.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की अर्चनाचं नाव आण्णांच्या तोंडून कधीच निघत नाही. पूर्वी दिवसातून दहा वेळा निघायचं. आता ग्राऊंडवर तिला हाक मारायची झाली तरी ते "ए पोरी" म्हणत.

हे अर्चनाच्याही लक्षात आलं होतं. एका संध्याकाळी मुली घरी गेल्यावर ती नेट सोडता सोडता कट्ट्याजवळ आली. आमच्याकडच्या पोरी बोलताना 'येतो-जातो'च करतात, तशीच तीही बोलते.

"आण्णा, एक विचारतो. साऱ्या गावाची नावं घेताय. माझं का न्हाय?"

"माझ्या नाव घेण्यानं काय हुतंय?"

"काय हुईत न्हाय, माहीत हाय मला. लोक काय म्हणत्यात ते सोडा. पण मला जमंल असं तुम्हाला वाटत न्हाय, असंच की न्हवं?"

"दव पडायला लागलंय," आण्णा म्हणाले. "डोक्याला काहीतरी बांध." आणि निघून गेले.

अर्चना बराच वेळ नेटची दोरी गुंडाळत बसली. मग मला म्हणाली, "काकू असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. चांगलं-वाईट काय असंल ते तोंडावर." आण्णांच्या वतीने मी तिला काय सांगणार? मलाच ते कळलं नव्हतं आणि त्यांचा रागही आला होता.

मुलाखती शनिवारी होत्या. त्या दिवशी सकाळी आण्णा बाहेरच्या नळावर भांडी घासत होते. भांडी म्हणजे एक पातेलं, एक ताटली, एक वाटी. मी भिंतीजवळ गेले आणि सरळच बोलले. म्हटलं, "आण्णा, त्या पोरीचं मन का मोडताय? आज तिची मुलाखत आहे. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

आण्णा पातेलं घासत राहिले. मला वाटलं ऐकलं नसावं.

"ही दवाखान्यात हुती न्हवं का," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणत हुता, बघू, आत्ताच काय सांगता येत न्हाय. मी सांगितलं त्याला. म्हटलं, शुक्रवारी घरात येणार, झालंच म्हणून समजा. हिलाबी सांगितलं. हसली. शेजारच्या खाटेवरल्या बाईला सांगितलं. घरात येऊन अंथरूण घालून ठेवलं."

काकू गुरुवारी गेल्या होत्या. ते मला आठवत होतं.

"लोक हसत्यात, तसा मीबी हसतोय. वेळ जातोय माझा. पण जे व्हावं असं मनातनं वाटतंय, ते तवापासनं मी तोंडातनं काढत न्हाय, मॅडम."

"मग गडहिंग्लजचे सर? आणि प्रतीक?"

"त्यास्नी घेतलं की. एक गेला. दुसऱ्याचं रोज घेतोय. आज सकाळी दूधवाल्यालाबी सांगितलं." त्यांनी पातेलं पालथं घातलं. "माझ्या हातात तेवढंच हुतं."

मला हसू आलं आणि त्यांच्यावरचा रागही गेला.

निकाल सोमवारी दुपारी लागला. प्रतीकची निवड झाली.

आयुष्यात पहिल्यांदा मगदूम आण्णांचा अंदाज बरोबर आला होता. प्रतीक वाईट मुलगा नव्हता, खेळाडू तर चांगलाच होता, पण गावाला प्रतीकपेक्षा आण्णांचं कौतुक जास्त वाटलं. टपरीवर पोरं जमली. एकाने जाऊन गुलाल आणला. आण्णा नको नको म्हणत असताना त्यांच्या कपाळाला, टोपीला, गालांना गुलाल फासला गेला, समोर भज्यांची ताटली आली. "आण्णा, फॉर्मात आलाय की," कुणीतरी म्हणालं. मी कॉलेजातून येत होते, तेव्हा त्या गर्दीत मधोमध आण्णा उभे होते. कुणीतरी हरवलेलं मूल आणून उभं करावं तसा त्यांचा चेहरा होता.

थोड्या वेळाने नळावर पाण्याचा आवाज आला. आण्णा तोंड धूत होते. मला बघितल्यावर म्हणाले, "मॅडम, उचगावला सोडताय काय मला?"

मी स्कूटर काढली.

अर्चना बाहेरच्या सोप्यात मेथी निवडत बसली होती. तिच्या सासूबाई पुढे आल्या, "या की पावणं, बसा" म्हणून चटई टाकली आणि चहा ठेवायला आत गेल्या. अर्चनाने मान वर केली नाही. मग एकदम म्हणाली, "कानामागं गुलाल ऱ्हायलाय, आण्णा."

आण्णांनी कान पुसला.

"कशाचा?" तिने विचारलं.

"पोरांनी लावला. माझं बरोबर आलं म्हणून."

"मग चांगलं झालं की."

"न्हाय," आण्णा म्हणाले. "चांगलं झालं न्हाय."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. भिंतीपाशी मला सांगितलं होतं तेच, पण अडखळत, मागचं पुढे करत. शुक्रवारचं सांगताना मध्येच थांबले. अर्चनाचे हात मेथीत तसेच राहिले. शेवटी आण्णा म्हणाले, "मला तुझंच व्हावं वाटत हुतं, अर्चना. पहिल्या दिसापासनं."

कितीतरी दिवसांनी तिने त्यांच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं असेल. तिने डोळे पुसले तेव्हा मेथीचं एक पान गालाला चिकटलं.

"एवढंच आधी सांगायचं हुतं की, आण्णा," ती म्हणाली. "प्रतीकचं झालं, हुईना का. उद्यापासनं त्याच्या हाताखाली जाईन मी, त्याला शिकवीन पण. त्याचं वाईट वाटलं, न्हाय असं न्हाय. पण मला वाटत हुतं की माझ्या बाजूनं कोणच न्हाय. त्यानं झोप येत नव्हती."

आण्णा चटईच्या काड्या मोजल्यासारखे खाली बघत राहिले.

सासूबाईंनी चहा आणला. चहा झाल्यावर अर्चनाने विचारलं, "रात्री काय जेवताय?"

"दूधभाकरी."

"रोज?"

"भाकरी पलीकडच्या घरातल्या मावशी देत्यात. दूध असतंय."

ती उठून आत गेली आणि डबा भरून घेऊन आली. आण्णा नको म्हणाले, तसं तिने आणखी दोन भाकऱ्या फडक्यात बांधून त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

आम्ही निघालो. आण्णा माझ्या मागे डबा पोटाशी धरून बसले होते. उचगाव मागे पडलं, हायवे आला. पुलाच्या अलीकडे म्हणाले, "मॅडम, पोरींची मॅच हाय म्हणं रविवारी. कुठं?"

"सांगलीला."

"कॉलेजची गाडी जाती?"

"जाते की."

आण्णांनी डबा सरळ केला. मग म्हणाले, "त्यात म्हाताऱ्या माणसाला घेत्यात काय?"

"विचारते मी उद्या ऑफिसमध्ये."

"नको, तुम्ही नका विचारू," आण्णा म्हणाले. "मी तिलाच विचारतो. गाडी वळवा जरा."