इंदू भेकरचं चुकीचं उत्तर

एका जंगलात, बाळांनो, रेंज फार चांगली होती. पाण्याची जरा टंचाई असायची, जांभळं दरवर्षी कमी धरायची, पण रेंज मात्र उत्तम.

जंगलात मोबाइल कुठून आले, असं विचारू नका. तुमच्या घरात कुठून आले, हे मी विचारलं का? मग हाताची घडी घाला आणि ऐका.

या जंगलात इंदू नावाची एक भेकर राहायची. भेकर म्हणजे हरणाच्या कुळातलं, पण कुत्र्यासारखं भुंकणारं जनावर. इंदू एकटीच होती. आई गेली, भाऊ नदीपलीकडे जाऊन राहिला. दिवसभर कोवळा पाला खायचा आणि कोणाशी एक शब्द बोलायचा नाही, असं तिचं चाललं होतं. मग कोणीतरी तिला एका ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपचं नाव होतं 'ओळखा पाहू मित्रमंडळ'.

मंडळाचा खेळ सोपा. एकाने खूण द्यायची, बाकीच्यांनी सिनेमा, मालिका नाहीतर गाणं ओळखायचं. कोणी लिहायचं, "चंद्र, शेपूट, रुसवा." की लगेच दुसरा लिहायचा, "तुझ्या शेपटीची शपथ!" बरोबर उत्तराला दहा गुण. या गुणांचं पुढे काय करायचं, ते कोणालाच माहीत नव्हतं. पण गुण मिळाले की इंदूला कडुनिंबाचा पालासुद्धा गोड लागायचा.

मंडळाचे प्रमुख होते आबासाहेब अस्वल. गुण देणं आणि कापणं ही दोन्ही कामं त्यांच्याकडे. काशिनाथ साळिंदर गाण्यांत पटाईत. सुलभामावशी घोरपड मालिकांत. कोणत्या सुनेने कोणाच्या खिरीत काय कालवलं, हे मावशीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. आणि एक होता 'बिबट्या किंग'. त्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. तो फारसं बोलायचा नाही. नुसतं जबडा उघडलेल्या बिबट्याचं चित्र टाकायचा. सगळे त्याला वचकून असत.

ही मंडळी एकमेकांना कधीच भेटली नव्हती. पण इंदू तापाने पडली, तेव्हा "थंडी वाजतेय का ग?" असं मावशीनेच लिहून विचारलं होतं. शेजारच्या झाडावरच्या वानराने विचारलं नव्हतं. त्यामुळे इंदूला मंडळ घरचं वाटायचं.

एका सकाळी आबासाहेबांनी खूण दिली, "चिखल, बासरी, मेव्हणी."

इंदू चालता चालता विचार करू लागली. मान खाली, डोळे मोबाइलवर. एकदम उत्तर सुचलं. तिने खुराने टकाटक लिहिलं, "नागीण माझी मेव्हणी!" आणि पुढचं पाऊल टाकलं. पुढे जमीन नव्हती.

धप्प!

लाकूडतोड्यांनी कधीतरी खणून सोडून दिलेली ती विहीर होती. इंदू तळाशी गुडघाभर पाण्यात उभी. वर पाहिलं तर आभाळाचा चतकोर. खाली पाहिलं तर मोबाइलवर आबासाहेबांचा निरोप, "शाब्बास इंदूताई! दहा गुण."

इंदू क्षणभर खूश झाली. मग तिला कळलं, की पाणी चढतंय. विहिरीचा झरा जिवंत होता.

ती जीव खाऊन भुंकली. वरून एक ससा चालला होता. त्याच्या कानांत गाणं लावलेलं होतं. "वा, काय ठेका आहे!" असं म्हणून तो मान डोलवत निघून गेला.

मग इंदूने मंडळात लिहिलं, "मी विहिरीत पडले आहे. पाणी चढतंय. वाचवा."

काशिनाथचं उत्तर लगेच आलं. "वा वा! अवघड खूण दिलीत. सिनेमा की मालिका?"

"खेळ नाही हो! खरंच पडले आहे!"

सुलभामावशीने लिहिलं, "'पडले गं मी पाण्यात' का ग?"

"नाही!"

आबासाहेब म्हणाले, "इंदूताई, नुसतं नाही म्हणू नका. जवळपास आलो का, तेवढं सांगा."

"पळसाच्या टेकाडामागची जुनी विहीर!"

"जुनी," काशिनाथने लिहिलं. "म्हणजे रंगीत नाही. ब्लॅक अँड व्हाइट. आता येतंय लक्षात."

बिबट्या किंगने बिबट्याचं चित्र टाकलं.

इंदूने मावशीला फोन लावला. मावशीने तो कापला आणि लिहिलं, "फोनवर उत्तर सांगू नकोस ग. मला तसले गुण नकोत."

पाणी पोटाला लागलं. इंदूने पुन्हा लिहिलं, "वाचवा हो!" आबासाहेब रागावले. तीच ती खूण पुन्हा देणं नियमाबाहेर होतं. त्यांनी तिचे पाच गुण कापले. एवढ्या पाण्यात उभं असूनही इंदूला त्या पाच गुणांचं वाईट वाटलं, हे सांगायला हवं.

"पुढचा प्रश्न," आबासाहेबांनी जाहीर केलं. "अगदी सोपा. 'उंबराखालची सासू' या मालिकेचं शीर्षकगीत कोणी गायलं?"

हे जंगलातल्या अंड्यातल्या पिल्लालाही माहीत होतं. ते गाणं पावशेबुवांचं. पावशेबुवा म्हणजे पावशा पक्षी, जंगलातला सगळ्यात मोठा गवई. त्यांनी सूर लावला की ढगसुद्धा जागचा हलत नसे.

इंदूने मोबाइल डोक्यावर धरला होता. पाणी गळ्याशी आलं होतं. ती रडायची थांबली. आपली ही माणसं कशाने हलतात, ते तिला एकदम दिसलं.

तिने लिहिलं, "टिटवीबाईंनी गायलं. आणि ज्याला पटत नसेल, त्याने पळसाच्या टेकाडामागच्या विहिरीवर यावं आणि माझ्या तोंडावर सांगावं."

मग जंगल हादरलं.

झुडपं मोडत आबासाहेब अस्वल आले. त्यांच्या मागे सगळे काटे फुलवून काशिनाथ साळिंदर आला. मालिका अर्धवट टाकून, धापा टाकत सुलभामावशी घोरपड आली. आणि सगळ्यांच्या पायांमधून एक बारीक आवाज आला, "सरका, मी पण आलोय."

सगळ्यांनी खाली पाहिलं. तिथे एक चिचुंद्री होती.

"तू कोण?" आबासाहेबांनी विचारलं.

"बिबट्या किंग."

एरवी यावर बरंच बोलणं झालं असतं. पण टिटवीबाईंचा विषय त्याहून गंभीर होता.

"इंदूताई!" आबासाहेब विहिरीत वाकून गरजले. "टिटवीबाई? अहो, ती आरडाओरडा करते! त्याला गाणं म्हणत नाहीत!"

"आधी मला वर काढा!" खालून आवाज आला.

"आधी चूक कबूल करा."

"वर आल्यावर करते!"

"वर आल्यावर पळून जाल. भेकरं फार जोरात पळतात."

मावशीने वाकून पाहिलं. "अगंबाई! अहो, ही खरोखरच पाण्यात आहे!"

काशिनाथचे काटे एकदम खाली आले. "म्हणजे सकाळची ती खूण..."

"खूण नव्हती ती!" इंदू ओरडली.

"म्हणजे तिला उत्तरच नव्हतं?" काशिनाथ मटकन खाली बसला. "मी सकाळपासून एक मूळसुद्धा खाल्लं नाही हो. विचार करून करून डोकं दुखायला लागलं."

पाणी इंदूच्या हनुवटीला लागलं. "पावशेबुवा!" ती किंचाळली. "पावशेबुवांनीच गायलं! माझं चुकलं!"

"आता कसं!" आबासाहेब प्रसन्न झाले. त्यांनी एक जाड वेल तोडली आणि खाली सोडली. इंदूने ती दातांत घट्ट धरली. आबासाहेब ओढू लागले. इंदू निम्म्यावर आली.

तेवढ्यात काशिनाथ म्हणाला, "बुवांचं ते पहिलंच गाणं."

"दुसरं," आबासाहेब म्हणाले.

"पहिलं!"

"दुसरं हो! थांबा, मोजून दाखवतो." आणि आबासाहेबांनी मोजायला पंजा वर केला. वेल सुटली. इंदू पुन्हा खाली. डुबुक!

या वेळी पाण्यावर नुसते बुडबुडे आले.

चिचुंद्री आबासाहेबांच्या पायाच्या बोटाला कडकडून चावली. "वेल धरा आधी!" ती ओरडली. "धरा! आणि तोंड बंद ठेवा सगळे!" त्या आवाजाने अस्वल थरथरलं. आबासाहेबांनी वेल पुन्हा खाली सोडली. इंदूने ती चाचपडत पकडली. आबासाहेबांनी तोंड बंद ठेवलं आणि दोन्ही पंजांनी ओढलं.

इंदू काठावर येऊन पडली. भिजलेली, खोकणारी, पण जिवंत.

सगळे तिच्याभोवती उभे राहिले. एकमेकांकडे पाहू लागले. समोरासमोर कसं बोलतात, ते कोणालाच येत नव्हतं.

शेवटी मावशी पुढे झाली. "थंडी वाजतेय का ग?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच नवीन वाटला असावा, कारण ती दचकली.

इंदूने मान हलवली आणि हमसून रडू लागली.

हे मंडळाला फारच जड गेलं. आबासाहेबांनी घाईघाईने मोबाइल काढला. मग सगळ्यांनी काढले. विहिरीभोवती एकमेकांकडे पाठ करून बसले, आणि हळूहळू त्यांच्या गप्पा रंगल्या.

या गोष्टीचा जंगलावर फार चांगला परिणाम झाला. पुढच्याच आठवड्यात दलदलीत रुतलेल्या एका रानडुकराने मंडळात लिहिलं, "पावशेबुवा बेसूर आहेत." दुपारच्या आत त्याला शंभर जनावरांनी बाहेर काढलं. बाहेर काढल्यावर मारलंही, पण ते नंतर. एका भोळ्या होला पक्ष्याने मात्र जाळ्यात अडकल्यावर "जाळ्यात अडकलो" एवढंच लिहिलं. तिघांनी सिनेमा ओळखला. तिघांनाही दहा-दहा गुण मिळाले.

इंदू अजून मंडळात आहे. सुलभामावशी आता दर रविवारी तिच्याकडे येते. दोघी उन्हात शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकींना मेसेज करतात.

तात्पर्य: बाळांनो, बुडताना मदत मागू नये, चुकीचं उत्तर द्यावं. आपला जीव वाचवायला कोणी येईलच असं नाही, पण आपली चूक सुधारायला सगळे धावत येतात.