दाऊदभाईंचे गोऱ्हे

दाऊदभाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. वजन सांगितलं.

शारजातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट. मी बायकोशी फोनवर मराठीत बोलत होतो, आणि मेंदी लावलेल्या दाढीचा एक उंच, वाळका माणूस मला खांद्यापासून खाली न्याहाळत होता. सातवा मजला आला तसा म्हणाला, "एकोणऐंशी. पाठ बरी आहे, पोट सांभाळा." घरी जाऊन मी काट्यावर उभा राहिलो. एकोणऐंशी किलो दोनशे ग्रॅम. वरचे दोनशे ग्रॅम खिशातल्या फोनचे.

दाऊदभाई मुकादम मूळचे गुहागरकडचे. तीस वर्षं दुबईत रास अल खोरच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये मांसाच्या खरेदीवर. उभं जनावर बघून त्याचं वजन सांगणं हा त्यांचा पेशा, आणि त्यातून त्यांनी माणसांना कधी सूट दिली नाही. एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये स्टेजकडे बघत मला म्हणाले, "नवरा पुढून भरलाय, मागे हलका आहे. मुलगी मात्र सरळ पाठीची." माझ्या मुलीला, इराला, वाढदिवसाच्या दिवशी त्यांनी दोन किलो वाढल्याचं सांगितलं. "अंकल, दॅट्स सो रूड!" ती ओरडली. "रूड काय गो त्यात?" ते खरंच चकित झाले. "वाढतेयस. अल्हम्दुलिल्लाह म्हण."

माझं ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसला, म्हणजे रास अल खोर वाटेवरच. रोज सकाळी ते माझ्या गाडीत बसायचे. शारजा-दुबई रस्त्यावर गाड्या तासतासभर मुंगीसारख्या सरकतात, त्या तासात मला गुरांचं सगळं शास्त्र ऐकायला मिळालं. मी शाकाहारी आहे, याची त्यांनी फारशी अडचण मानली नाही.

"देवधर, ही सगळी गर्दी दुपारी काय खाणार माहितीये? बर्फ! सातासमुद्रापलीकडून आलेला बर्फ. लोकांना ताजं मांस म्हणजे काय ते ठाऊकच नाही. आफ्रिकेत गोऱ्हे उभे आहेत, इतक्या जवळ. बोटीनं आणायचे, इथे सहा महिने चारायचे, बाजारात न्यायचे. खलास."

हे मी तीन वर्षं ऐकलं. चौथ्या वर्षी त्यांनी ते केलं. गावाकडचे नि बिल्डिंगमधले मिळून चार भागीदार जमवले, स्वतःची सगळी शिल्लक घातली, शारजाबाहेर वाळवंटात धैदजवळ एक शेड भाड्यानं घेतली आणि साठ गोऱ्हे आणले. शनिवार-रविवार मुक्काम तिकडेच. सोमवारी गाडीत बसले की सुरू. "चौदा नंबरनं आठवड्यात नऊ किलो घेतलं. एकवीस नंबर उदास आहे. शेजारचा बदलला, ते त्याला आवडलेलं नाही."

त्यांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. मोठी मुलगी मुंब्र्याला, धाकटी दोहाला. एकदा धाकटीचा फोन गाडीतच आला. स्पीकरवर ती म्हणाली, "अब्बा, साठ जनावरांची वजनं पाठ आहेत तुम्हाला. माझ्या बाळाचं कधी विचारलंत?"

"सांग ना."

"नऊ किलो."

"कमी आहे," दाऊदभाई म्हणाले. फोन बंद झाला.

मला एक गोष्ट खुपायची. भागीदारीचं त्यांनी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना विचारलं, अगदी तळमजल्यावरच्या केमिस्टलासुद्धा. रोज शेजारी बसणाऱ्या मला मात्र नाही.

मग, जिथून गोऱ्हे आले होते त्या देशात गुरांची साथ आली आणि बोटी थांबल्या. होते ते साठ धडधाकट होते, पण पुढची खेप येणार नाही म्हटल्यावर भागीदार घाबरले. आत्ताच विका म्हणू लागले. जनावरं अजून भरायची होती. दाऊदभाईंनी अडीच महिने मागितले. दोघं म्हणाले, आमचा हिस्सा देऊन टाका, मग हवं तेवढं थांबा.

मी बायकोशी, मृणालशी बोललो. ती म्हणाली, "दे. माणूस खरा आहे." मग जरा थांबून, "फक्त आईंना काय सांगायचं?" मी म्हटलं, त्यात सांगायचं काय, धंदा आहे.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी म्हणालो, "दाऊदभाई, चाळीस हजार दिऱ्हम आहेत माझ्याकडे. म्हणजे नऊ लाखांच्या वरच. घ्या."

ते बाहेर बघत राहिले. "नाही."

"का? माझे पैसे चालत नाहीत?"

"चालतात. म्हणून तर विचारलं नाही." मग माझ्याकडे वळले. "टायफॉइड झाला होता मला, तेव्हा मावशी इथे होत्या. तुमच्या आई. अकरा दिवस दोन्ही वेळा पेज घेऊन आल्या. मी काय धंदा करतो ते ठाऊक होतं त्यांना. माझी ताटली स्वतः धुवायच्या, देवधर. त्यांच्या घरचा पैसा मी या गुरांत घालू? नाही हबीबी. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मी पुष्कळ वाद घातला. ते हरले नाहीत.

शेवटी सगळे गोऱ्हे विकायचं ठरलं. पुढच्या शनिवारी ट्रक यायचे होते. मी त्यांच्याबरोबर धैदला गेलो. त्यांनी मला शेडजवळ येऊच दिलं नाही. "तुम्ही इथे बाभळीखाली बसा. हे तुमच्यासाठी नाही." लांबून दिसत होतं तेवढं मी पाहिलं. कामगार काठ्या घेऊन आले तेव्हा दाऊदभाईंनी त्या काढून घेतल्या. प्रत्येक गोऱ्ह्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला स्वतः चढवलं. साठाच्या साठ. मे महिन्याचं ऊन होतं. शेवटचा ट्रक गेला तेव्हा त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता, आणि ते कितीतरी वेळ पाण्याच्या हौदाशी उभे होते.

विक्रीतून आधी भागीदारांना त्यांचे पैसे मिळाले. दाऊदभाईंचे बुडाले, जवळजवळ सगळे.

परतताना वाटेत पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मी गाडी बाजूला घेतली. दाऊदभाईंनी मला हातानं खुणावलं, सांगू नका.

"कुठे फिरताय रे दोघं?" आईनं विचारलं.

"गवत बघायला गेलो होतो, मावशी," दाऊदभाई म्हणाले. "गवताचा धंदा आहे थोडा."

आई म्हणाली, "दाऊद, इरानं सांगितलंय मला सगळं. विकलीस का गुरं?"

त्यांनी मान खाली घातली. "विकली, मावशी."

"चांगली ठेवली होतीस ना? उपाशी नव्हती ना कधी?"

"एक दिवससुद्धा नाही."

"मग झालं. तू जेवलास का?"

"जेवलो."

"खोटं बोलतोयस. आधी जेव, मग घरी जा." आणि तिनं फोन ठेवला.

दाऊदभाईंनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, पुन्हा लावला. मी गाडी पुढच्या कॅफेटेरियापाशी थांबवली. त्यांनी नेहमीचा चिकन टिक्का मागवला आणि माझ्यासाठी दाल-पराठा. ताटं आली तसा टिक्का उचलून शेजारच्या टेबलावर ठेवला, माझी डाळ स्वतःपुढे ओढली आणि ताठ बसले.

"फोटो काढा," म्हणाले. "मावशींना पाठवा."

मी पाठवला. मग ते जेवले, टिक्कासुद्धा सगळा. गाडीत बसल्यावर शारजा येईपर्यंत त्यांनी मला तीनदा विचारलं, "बघितला का त्यांनी?"