सावकाश हरणारा हैबती

एका जंगलात, बाळांनो, हैबती नावाचा एक साळिंदर होता. त्याला भिवरा नावाची बायको होती, चार पोरं होती आणि टेकडीच्या पोटात एक बीळ होतं. बीळ कसलं, राजवाडाच. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार.

त्याच जंगलात रतनशेठ कोल्ह्यानं वडाखाली पत्त्यांचा अड्डा काढला. डावाचं नाव एकवीस. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढं जाऊ द्यायची नाही. पुढं गेली की मेलात. खेळायचं चिंचोके लावून. चिंचोक्यांची टोपली कोल्हाच द्यायचा आणि बदल्यात आपलं बीळ त्याच्याकडे अडकवायचं. टोपली भरून परत दिली की बीळ सुटलं. रिकामी झाली की गेलं.

कोल्हा मनानं मात्र फार मोठा. जो खेळायला बसेल त्याला आणि त्याच्या घरच्यांना जेवण फुकट. उकडलेले कंद, काकड्या, भोपळे. पोट भरलेलं असलं की कुणी उठत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

हैबती खेळायचा ऊर्मीवर. हातात एकोणीस झाले तरी म्हणायचा, "टाक आणखी एक! आज मला आतून वाटतंय." आतून वाटायचं आणि बाहेरून राणी यायची. टोपली अर्धी झाली. मग पाव झाली.

भिवराची झोप उडाली. बीळ गेलं तर पोरांना घेऊन राहायचं कुठं? ती नदीवर कासवमामाकडे गेली. मामा तरुणपणी याच डावात सगळं हरला होता. घरही हरला होता, पण ते पाठीवरून निघेना, म्हणून वाचला.

"मामा, ह्यांना तिथून उठवू कसं?"

"उठवू नकोस गं पोरी. नीट बसव. कोल्हा नेमानं बांधलेला आहे. सोळापर्यंत त्याला पान ओढावंच लागतं, सतराला थांबावंच लागतं. आणि त्याचं एक पान उघडं असतं. तिथं चव्वी, पंजी, छक्की दिसली की आपण बारावरसुद्धा गप्प बसायचं. मरू दे त्याला त्याच्या पायानं. सत्ती किंवा त्याहून मोठं दिसलं, तर सतरा गाठेपर्यंत आपण मागत राहायचं."

"आणि सोळाला छातीत धडधडलं तर?"

"धडधडू दे. मागायचं."

"एकसारखी दोन पानं आली तर?"

"अठ्ठ्या आल्या तर वेगळ्या करून दोन डाव मांडायचे. दश्श्या कधीच वेगळ्या करायच्या नाहीत. वीस म्हणजे सुखाचा संसार, तो कशाला मोडायचा? आणि कोल्हा एक्का दाखवून 'विमा घ्या, हरण्याच्या भीतीपोटी थोडे चिंचोके जादा लावा' म्हणाला, तर बहिरं व्हायचं."

"मग जिंकतो का मामा?"

"छे गं! हरतोच. पण इतकं सावकाश, की पत्ता लागत नाही."

दुसऱ्या दिवशी भिवरा पोरांसकट हैबतीच्या पाठीशी जाऊन बसली.

"तुझं काय काम इथं?" हैबती गुरगुरला.

"जेवायला आलेय."

हैबतीच्या हातात बारा झाले. कोल्ह्यापुढं छक्की. हैबतीनं तोंड उघडलं मात्र, भिवरानं कमरेत काटा टोचला.

"आई गं! थांबलो, थांबलो!"

कोल्ह्यानं झाकलेलं पान उलटलं. राजा! म्हणजे दहा. सोळा झाले. नेमानं आणखी ओढावं लागलं, तर आली नव्वी. कोल्हा मेला.

"बघितलंस?" हैबती ऐटीत म्हणाला. "मला आतून वाटलं होतं!"

"वाटलं हो वाटलं. आता पुढचं बघा."

मग काय! चूक होऊ लागली की काटा. टोपली मूठभर उतरायची, मूठभर चढायची. ना भरायची, ना संपायची. पोरं मात्र जेवत होती. मग भिवराची सासू आली, दीर आला, दिराची पोरं आली. साळिंदराची जात, बाळांनो! कंद संपले की सालं खायची, सालं संपली की परडी कुरतडायची.

कोल्हा घामाघूम झाला. "हैबतराव, जरा दणक्यात लावा की! मर्दासारखं!"

"नको शेठ. चालू द्या निवांत."

"अहो, कोठाराचा तळ दिसायला लागला!"

"आम्हांला कुठं घाई आहे?"

शेवटी कोल्ह्यानं भिवरापुढं पंजे जोडले. "वहिनी, तुमचं बीळ तुम्हांला. उरलेले चिंचोकेही न्या. पण ह्यांना उचला."

"पोरांचं जेवण व्हायचंय अजून."

"डबा देतो! रोज घरी पोचवतो! पण इकडं फिरकू नका!"

तेव्हापासून भिवराचं बीळ भिवराचंच राहिलं. रोज दिवस कलला की कोल्ह्याचा नोकर दारात गरम कंदांचा डबा ठेवून जायचा. पोरं गुटगुटीत झाली, सासू हसायला लागली आणि हैबती दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "खेळ सोडला मी. आतून वाटलं."

तात्पर्य : जुगार वाईट, हे तर सगळेच सांगतात. पण बाळांनो, नीट शिकून खेळणाराही जिंकत नाही. तो फक्त मालकाला परवडेनासा होतो. म्हणून जिथं जेवण फुकट असेल, तिथं सहकुटुंब जावं आणि सावकाश हरावं.