बहिरा रिमोट

भावोजी तलावाच्या काठावर उभे असले की ओळखीच्या माणसाने शक्यतो पलीकडच्या बाजूने जावं. ते हाक मारतात, हातातला रिमोट छातीशी धरतात आणि साध्या आवाजात सांगतात, "माझं कोपर हलवा जरा." तुम्ही संकोचून एक धक्का देता. "असं नाही हो. सलग. बारीक बारीक. थरथरल्यासारखं." मग एक सभ्य गृहस्थ दुसऱ्या सभ्य गृहस्थाचं कोपर धरून हलवतोय आणि समोर पाण्यात एक लाल बोट पिसाळल्यासारखी धावतेय, असं दृश्य ठाकुर्लीजवळच्या त्या विसर्जनाच्या तलावावर रविवारी सकाळी दिसतं. मीही ते कोपर हलवलं आहे. का, ते न विचारता. विचारलं की उत्तर लांबतं, आणि मी हल्ली लवकर दमतो.

दत्ताराम सावर्डेकर हे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. ठाण्याला कोर्टात बेलिफ होते. म्हणजे समन्स माणसाच्या हातात नेऊन द्यायचं. त्यांच्या भाषेत 'बजावायचं'. उभं आयुष्य ते अशा लोकांच्या दारात उभे राहिले, जे त्यांना पाहिलं की घरात नसायचे. त्याचा परिणाम राहिलाय. आजही कुणाकडे पूजेला गेले तरी आधी विजेचा मीटर फिरतोय का बघतात, बाहेरच्या चपलांवर नजर टाकतात, आणि बेल वाजवून दाराच्या बाजूला सरकून उभे राहतात. माझ्या लग्नाची बोलणी करायला तेच पुढे गेलेले. काखेतली खाकी पिशवी पाहून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी आतूनच सांगितलं, "ते गावाला गेलेत." स्वतःच्याच आवाजात.

बोलण्यातही कोर्टच. मेथी आणून ओट्यावर ठेवली की "बजावली". रक्तदाबाची गोळी गिळली की "बजावली". आणि कुणी भेटलं नाही की कागदावरचा शेरा तोंडी मारतात, "सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही." अलीकडे हा शेरा बहुतेक माझ्या नावावर असतो. मी राहतो ठाण्याला, तिथून ठाकुर्ली काही लांब नाही. तरी मी मिळून येत नाही.

भावोजींना कुठलंही वाहन चालवता येत नाही, सायकलसुद्धा नाही. चालवायची ती ताई. डोंबिवलीत बायका स्कूटरवर फारशा दिसत नसत तेव्हा ही त्यांना मागे बसवून स्टेशनला सोडायची, आणि तिला सुट्टी असली की थेट कल्याणपर्यंत समन्स बजावायला न्यायची. वळणावर ब्रेक लावणं तिला कमीपणाचं वाटे. भावोजी मागे बसून तिच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं टेकवत आणि डोळे मिटून घेत. "सरकारी कागद आहे हो, जपून," एवढंच म्हणत. स्वतःचा जीव मध्ये आणत नसत.

मग ताईला कंपवात झाला. आधी बोटं, मग सबंध उजवा हात. स्कूटर गेली. नंतर शेजारच्या हळदीकुंकवाला दुधाचा पेला कुणाच्या तरी साडीवर सांडला, आणि सगळ्याजणी "असू दे, असू दे" इतक्या वेळा म्हणाल्या की ताईने घराबाहेर पडणंच सोडलं. हात पदराखाली घालून खिडकीशी बसून राहायची. मूलबाळ नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत भावोजींनी रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची ती बोट घेतली.

मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. बायको घरात थरथरतेय आणि हा माणूस तलावावर खेळतोय. ठाण्याच्या पुढे अशा पेशंटना ठेवून घेणारं एक केंद्र आहे. मी तिथली खोली बघून आलो, पत्रक पिशवीत टाकलं, आणि भावोजींशी एकट्याशी बोलायचं म्हणून रविवारी सकाळी तलावावर जाऊ लागलो. घरी न जाता परस्पर तलावावर. दर वेळी त्यांनी माझ्यापुढे कोपर केलं आणि दर वेळी पत्रक पिशवीतच राहिलं.

बोटीचं नाव 'समन्स'. खरं समन्स पोचायला वर्षं जातात, ही निघाली की पोचलीच, असा खुलासा ते न विचारता करत. पोचायची कुठे, उताणी व्हायची. पूर्ण वेग दिला की नाक वर उचलायची आणि पाठीवर पडायची. मग तलावाच्या वॉचमनला गणपती सोडायचा तराफा घेऊन जावं लागे. भावोजींनी आतली बॅटरी बोटभर पुढे सरकवली. तर तिने नाक पाण्यात खुपसून आम्हा दोघांना भिजवलं. पंखा एका बाजूला फिरतो म्हणून बोट दुसऱ्या बाजूला कलायची. त्यासाठी शेपटाशी असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या केसभर वाकवल्या. मग निर्माल्याचा दोरा पंख्यात गुंडाळला गेला आणि सगळं पहिल्यापासून.

"काका," वॉचमन म्हणायचा, "बोट सरळ आहे. तुमचंच अलाइनमेंट गेलंय."

भावोजींना त्याचं काही वाटत नसे. त्यांना आता माणसंही बोटीसारखी दिसत होती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे 'नाक उचललेले, वळणावर उताणे होणार'. मला एकदा नीट न्याहाळून म्हणाले, "मिलिंद, तुझं सगळं वजन मागे आहे." मी हसलो. घरी येताना हसू आलं नाही.

शेवटी एका रविवारी मी ठरवूनच गेलो. म्हटलं, "भावोजी, ताईबद्दल बोलायचंय."

"आधी कोपर."

मला राग आला. मी त्यांचं कोपर असं हलवलं की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. बोट मात्र आखून दिल्यासारखी सरळ गेली. "आणखी जोरात," ते म्हणाले. मी हलवलं. तरी सरळ.

"काय केलंत काय?"

"रिमोट थोडा बहिरा केलाय," ते म्हणाले. "सेटिंग असतं. हे वळवायचं चाक आहे ना, ते जागच्या जागी थोडंफार हललं, तर त्याने ऐकायचंच नाही. मुद्दाम वळवलं तरच ऐकायचं. फार बहिरा केला तर वळत नाही, कमी केला तर सगळं ऐकतो. सुमनचा हात किती हलतो ते मला ठाऊक आहे. तिच्या चहाचा कप मी धरतो."

मी अजून त्यांचं कोपर धरून उभा होतो. सोडायचं राहून गेलं होतं.

रिमोट माझ्याकडे देऊन ते निघाले आणि रिक्षातून ताईला घेऊन आले. ती कुरकुरतच उतरली. "माझ्या वयाच्या बायकांना नवरे देवाला नेतात. मला काय, तर बोट बघायला." मग मी दिसलो. "मिल्या? तू कसा काय सापडलास?"

रिमोट तिने डाव्या हातात घेतला. चाक उजव्या हाताचं होतं. वॉचमन मान वळवेपर्यंत ती थांबली आणि मग तो हात पदराबाहेर काढला. मी पाण्याकडे बघू लागलो.

इतकं लिहिलंय तर हेही लिहून टाकतो. ताईची थरथर मला बघवत नाही, असं मी घरी सांगत आलो. खरं कारण वेगळं आहे. आमच्या आईचा हातही असाच होता, आणि हल्ली सही करताना मी माझ्या हाताकडे बघत नाही. ताईला त्या खोलीत पोचवायची घाई मला कुणासाठी होती, ते मला तलावावर कळलं. तिच्यासाठी नव्हती.

बोट निघाली. चाकावरची बोटं फडफडत होती आणि बोट सरळ चालली होती. ताईने मान पुढे काढून पाहिलं. मग म्हणाली, "अहो, एवढी हळू? बांधून ठेवलीये का कुणी?"

भावोजींनी वेग कमी करून ठेवला होता. "जपून हो," म्हणत त्यांनी तो मोकळा केला.

'समन्स' सुटली. पलीकडच्या पायऱ्या जवळ आल्या, तरी ताईने वेग कमी केला नाही. भावोजी तिच्या मागे जाऊन उभे राहिले, उजव्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. बोट कलली, पाणी उडालं, पण उलटली नाही. वळून आमच्याकडे यायला लागली.

"येतेय का परत?" त्यांनी डोळे मिटूनच मला विचारलं.

"येतेय."

"बजावली," ते म्हणाले. आम्हाला नव्हे, स्वतःशीच.

थोड्या वेळाने त्यांना आठवलं. "तुला काहीतरी बोलायचं होतं ना?" मी नाही म्हटलं. पत्रक मी काढलं नाही, आता काढणारही नाही. "मग पुढच्या रविवारी पत्त्यावर मिळशील का?"

उत्तर ताईने दिलं, पाण्यावरची नजर न काढता. "मिळेल. मिल्या, इकडे ये. माझं कोपर धर. हलवू नकोस, नुसतं धर."

मी धरलं.