सातवीने ग्रामसभा पडद्यावर पाहिली त्या सालची हकीकत

श्रीशारदेस नमन, आणि तिचे पायी जी पोरे धूळभरल्या पायांनी येती त्यांसही नमन. शालिवाहन शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, श्रावणमासी एके गावचे शाळेत जे वर्तमान जाहले, ते खरे ते लिहितो. त्या शाळेत इतिहास व नागरिकशास्त्र शिकवावयास मालनबाई शेवाळे होत्या. बाई कर्त्या, तोंडाच्या फटकळ, परंतु मुलांवर जीव टाकीत. त्यांनी शिरस्ता घातला होता की, झेंडावंदन होताच सातवीच्या फौजेने थाळ्या बडवीत आळोआळी फिरावे, आणि आपापले आईबाप, चुलते, आज्या यांस हातास धरोन ग्रामसभेत आणोन बसवावे. मग तीच सभा नागरिकशास्त्राचा धडा. थोरली माणसे कुरकुरत, परंतु पोरांपुढे कोणाचे चालते? सभा भरे. मागील साली सरपंच उत्तमरावांनी शाळेचे मैदान मेहुण्यास मंगल कार्यालयासाठी द्यावे ऐसा विषय काढिला, तो बायाबापड्यांनी उभे राहोन हाणून पाडिला, आणि उत्तमराव राग गिळोन बसले.

पुढे बाईंनी वरिष्ठांचे उंबरे झिजवोन शाळेस प्रोजेक्टर व इंटरनेट आणिले. काय तो आनंद! भिंतीवर किल्ले दिसावे, नद्या वाहाव्या, मुलांनी आ वासोन पाहावे. मग बाईंचे मनी आले की, झेंड्याचे दिवशी एखाद्या नमुनेदार गावची ग्रामसभाच मुलांस दाखवावी. आपले गावची सभा म्हणजे तंबाखू, जांभया आणि भांडणे, तीत शिकण्याजोगे ते काय? तेजल कोंढाळकर म्हणोन वर्गाची म्होरकी, ती थाळी घेऊन दारी उभी. पुसती जाहली, "बाई, निघायचं ना?"

बाई म्हणाल्या, "ठेव गं ती थाळी. कशाला चिखल तुडवायचा? आज सभा इथंच बघायची, आणि चांगली बघायची."

चित्रफीत खरेच उत्तम. लोक शिस्तीने हात वर करिती, पाळीने बोलती. मुलांनी टाळ्या पिटल्या आणि बाईंस धन्य वाटले. त्याच समयी चावडीपुढे सतरंज्या रिकाम्या. थाळी वाजली नाही, गाव उठले नाही, माणसे पुरी भरली नाहीत, मग सभा तहकूब जाहली. आठ दिवसांनी ती पुन्हा बसली, तेव्हा मेहुणे आणि त्यांचे चार सोबती तेवढे हजर, आणि मैदानाचा ठराव एकमते मंजूर जाहला.

मग एके सकाळी मैदानात खांब रोवू लागले. बाई पदर खोचोन धावल्या, मुले मागे. उत्तमरावांस म्हणाल्या, "अहो सरपंच, चार टाळक्यांनी मैदान देऊन टाकलं? असं कसं चालेल?"

उत्तमराव हसले आणि खांबांकडे वळले. तेजलनेच बाईंचा हात धरिला. म्हणाली, "बाई, चालतं. तहकूब सभेला अमुक माणसं पाहिजेतच, असं नसतं. त्या दिवशी पडद्यावर सांगितलं होतं की."

पोरीचे उत्तर बिनचूक. बाईंस शाबास म्हणवेना. पोरांदेखत त्या तेथेच रडल्या.

तात्पर्य, ते साली सातवी नागरिकशास्त्रात अव्वल आली, आणि खोखो खेळावयास जागा उरली नाही. यंत्रास बोल नाही. घडले ते वाईट घडले, इतुके लिहोन लेखणी ठेविली असे.